धुळ्याहून आलेला मोर

तू पाठवलास तो मोर नाही, कोंबडा आहे. डोक्यावर करवतीच्या दातांसारखा तुरा आहे, गळ्याखाली दोन पिशव्या लोंबतात, शेपूट वर वळलेलं आहे आणि चोच अशी उघडी आहे की आता बांग देईल. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहितोस, 'अक्का, हवा तसाच मोर मिळाला, काळजी मिटली.' तुझी मिटली असेल. इतकी वर्षं तू धुळ्याच्या जिनात कापूस तोलतोस, तो कापूसच असतो ना, हे एकदा कुणाकडून तरी पाहून घे.

॥ श्री ॥

(श्री सगळ्यांत वर लिहायची असते हे मला माहीत आहे. आज कोंबडा तिच्याही वर जाऊन बसला, त्याला मी काय करू.)

चिरंजीव कौतिक यास असोद्याहून तानुअक्काचे पुष्कळ आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? लसणाचं तेल चोळतोस की बाटली खिडकीत ठेवून तिच्याकडे नुसतं पाहतोस? भिकुबाईची खोकल्याची उबळ थांबली का? तिला म्हणावं, अडुळशाचा काढा घे आणि नवऱ्याशी बोलणं कमी कर, दोन्हीनं घशाला आराम पडतो. आमच्याकडे सर्व खुशाल आहेत. केळी बरी आहेत, म्हैस व्यायली, तोतारामची तब्येत नको तितकी चांगली आहे, आणि सगळा उत्पात त्या तब्येतीपासूनच सुरू झाला. माझं अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. शाळेत तू गेलास, मी तुझ्या पाटीवर उरलेलं गिरवलं, तेवढ्या शिदोरीवर लिहिते आहे.

आमचं घर तू पाहिलेलं आहेस, तरी सांगते, कारण पाहून तुझ्या लक्षात काय राहतं ते आता मला कळलं आहे. आमच्या बठ्ठ्या गल्लीत घरोघर मातीची धाबी आहेत, सपाट, मिरच्या वाळवायला चांगली. एकटं आमचं घर मंगळुरी कौलांचं. तुझे दाजी हौशी होते (अंगाला लावायला तेल नसलं तरी मिशीला असायचं), त्यांनी जळगाव स्टेशनवरून गाड्या भरून कौलं आणली आणि आढ्याच्या दोन्ही टोकांना दोन मोर बसवले, एकमेकांकडे तोंड करून. मोर म्हणजे कौलच, पण पाठीवर मोर घडवलेलं. त्यांचा ना घराला उपयोग ना पावसाला. पण गावाच्या वेशीतून आत शिरलं की पहिले ते दिसायचे, आणि कुणी घर विचारलं की लोक म्हणायचे, मोराचं घर. दाजी गेले, मोर राहिले. मी त्यांच्याकडे वर्षवर्ष मान वर करून पाहिलं नसेल. कौल आहे ते, पाहायचं काय त्यात.

आता अक्षय्य तृतीयेच्या, आपल्या आखाजीच्या, आधी कौलं चाळायची होती. दरवर्षी शाकारणारा माणूस येतो, पायाची बोटं टेकत मांजरासारखा फिरतो आणि खाली उतरतो. यंदा तोतारामच्या मनात आलं की एवढ्याशा कामाला माणूस कशाला, आपण स्वतः चढू. आपला मुलगा म्हणून बोलत नाही, पण त्याला खाटेवर बसताना पाहिलं की मला खाटेची दया येते. तो चढला. आढ्यापर्यंत गेला, तिथे त्याला खाली दिसलं, आणि तो आढ्यावर घोड्यावर बसतात तसा दोन्हीकडे पाय टाकून बसला. मग उतरता येईना. सुनबाई, आपली बेबाबाई, अंगणातून म्हणते, 'अहो, कशाला तरी धरा.' त्यानं मोर धरला. थोड्या वेळानं तो खाली आला, तेव्हा मोराची मान त्याच्या हातात होती आणि ती मला दाखवत म्हणतो, 'आई, हे आधीपासूनच तडकलेलं होतं.' लहानपणापासून त्याच्या हातात येणारी प्रत्येक वस्तू आधीपासून तडकलेली असते.

मी म्हटलं असतं, जाऊ दे, मोर नसला तर कौल गळत नाही. पण या वर्षी मोर जाऊन चालणार नव्हतं, आणि ते का, हे नीट वाच. तोतारामच्या मगनसाठी चोपड्याची एक मुलगी आहे, कमल नावाची. मी तिला चोपड्याच्या एका लग्नात पाहिली. पुरणाचे मांडे चालले होते, मोठमोठ्या बाया हातावर मांडा पसरत होत्या आणि ही पोर मधोमध बसून असे मांडे टाकत होती की खापर झाकून जावं. एक फाटला. दुसरी असती तर इकडे तिकडे पाहिलं असतं, रडली असती. हिनं घडी घातली, तोंडात टाकली आणि म्हणाली, 'फाटला तो माझा.' मी तिला म्हटलं, हात थोडा सैल धर. तर म्हणते, 'आजी, तुम्ही करून दाखवा.' मी करून दाखवला. माझा फाटला नाही, पण तिचा मोठा होता. (हे मी तिथे बोलले नाही.) घरी येऊन मी सांगितलं, मगनसाठी हीच. आमच्या बेबाबाईचा स्वभाव चांगला आहे, पण तिचा मांडा पाहून म्हशीनं तोंड फिरवलं होतं. माझे हात आता थरथरतात. माझ्यामागे या घरात मांडे व्हायचे की बाजारातून बिस्किटं यायची, हा प्रश्न आहे. मगनला विचारलं, तर 'आजी म्हणेल ते' म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले, म्हणजे त्यानंही कुठेतरी पाहिली असावी.

सोयरिकीत मध्यस्थ आमचा झिपरू. त्यानं मुलीकडच्यांना सांगून ठेवलं होतं की अचानक या, घर पाहा, मुलगा पाहा, पण गावात कुणाला पत्ता विचारू नका. तुला आपल्याकडची रीत माहीत आहेच. पत्ता विचारला की पारावरची माणसं पत्ता सांगायच्या आधी घराची कुळकथा सांगतात, आणि ती ऐकून कितीक पाहुणे पारावरूनच परत गेले आहेत. म्हणून झिपरूनं खूण दिली: ज्या घरावर दोन मोर, ते घर. बस. कौलारू घर असं सांगायचं त्याला सुचलं नाही, कारण मोर म्हटल्यावर आणखी काय सांगायचं. आणि पाहुणे आखाजी उलटताच येणार होते. आता कळलं का, मोराची मान का महत्त्वाची होती?

तोतारामनं आधी ती मान चिकटवली. चुना, गूळ आणि बेलाचा गर. गवंडी असंच करतात असं त्याला कुणी सांगितलं होतं. पण गवंडी गूळ चुन्यात घालतात, यानं चुना गुळात घातला. दुसऱ्या दिवशी मुंगळ्यांची रांग भिंतीवरून चढली ती थेट मोराच्या गळ्यापर्यंत. मग मुंगळे खायला साळुंक्या आल्या, साळुंक्यांनी चोची मारल्या, आणि मान सुटली ती बेबाबाईनं अंगणात घातलेल्या कुरडयांत पडली. कुरडया गेल्या, मानेचे तुकडे झाले, आणि तोताराम म्हणाला, चुना भेसळीचा होता.

मग आम्ही जळगावला गेलो. मी स्वतः गेले, कारण त्याला एकट्याला पाठवलं असतं तर तो बिनमोराच्या घराला मोर का नको, हे शिकून परत आला असता. कौलवाल्यानं आदरानं बसवलं, एक चित्रांचं पुस्तक काढलं आणि त्यातला मोर दाखवला. हुबेहूब आपला. म्हटलं, दे. तर म्हणतो, हे चित्र आहे, मोर मंगळूरला आहे, आणि मंगळूरहून काही येत नाही, लढाईमुळे मालगाडीत कौलांना जागा नाही. आता जर्मन आणि जपान्यांनी काढलेल्या भांडणात माझ्या मोराची काय अडचण होते, ते मला समजलं नाही, त्यालाही समजलेलं नव्हतं, पण हल्ली दुकानात जे नसेल ते लढाईवर गेलेलं असतं. त्याच्याकडे पडून असलेला माल त्यानं काढला. एक कळस होता. मी म्हटलं, मी देवळात राहत नाही. एक सिंह होता. सिंह बसवायला घरात निदान एक माणूस तरी त्या तोलाचा पाहिजे. मी तोतारामकडे पाहिलं, कौलवाल्यानंही पाहिलं, आणि त्यानं आपण होऊन सिंह आत ठेवला. येताना एका वकिलाच्या बंगल्यावर अगदी तसाच मोर दिसला. तोताराम त्याच्याखाली जाऊन इतका वेळ वर पाहत उभा राहिला की वकिलाचा गडी काठी घेऊन आला, आणि घराची टेहळणी करणाऱ्या चोराची आई म्हणून मला त्याच्याशी बोलावं लागलं.

मग पुना कुंभार. साक्रीकडचा आहे, आमच्या गावात येऊन राहिला. मी त्याला शाबूत असलेला मोर दाखवला, म्हटलं, एक असा कर. त्यानं मान हलवली, कपाशीच्या पराट्या पेटवल्या आणि भट्टीतून दोन काढले. मी म्हटलं, मी एक सांगितला होता. म्हणाला, एकटा कसा करणार, पोळ्याचे बैल मी जन्मभर जोडीनंच केले, एकट्याला हात वळतच नाही. ते मला त्या मोरांकडे पाहूनच कळलं. मोरांना चोच होती, पिसारा होता, आणि मानेमागे हे एवढं वशिंड होतं. म्हटलं, पुना, हे काय. तो त्यांच्याकडे प्रेमानं पाहत म्हणतो, 'हाऊ मोरच शे, अक्का.' पाठीवर झूल टाकली असती तर पोळ्याला मिरवले असते. मी घेतले नाहीत. तोंडावर सांगितलं, माझ्या घरावर बैल चढणार नाही. त्या वेळी मला वाटलं, किती चांगलं बोलले मी. आता वाटतं, त्या दिवशी माझी जीभ कुरडयांत पडली असती तर बरं झालं असतं. का, ते पुढे वाच.

तेव्हा मी तुला लिहिलं. तू मोठा शहरगावचा माणूस, तुझी ओळख जिनापासून कचेरीपर्यंत. तू कुण्या साहेबाच्या पाडलेल्या बंगल्यावरचं हे रत्न मिळवलंस आणि सरकीच्या पोत्यात घालून माणसाबरोबर पाठवलंस. चाळीसगावला गाडी बदलताना तिकीटवाल्यानं पोत्यात हात घातला आणि चोच लागून त्याचं बोट कापलं म्हणे. सरकी चांगली होती, म्हशीनं आवडीनं खाल्ली. बाकीचं आम्ही अंगणात मधोमध ठेवलं आणि सगळे भोवती बसलो. शेवटी बेबाबाई म्हणाली, 'धुळ्याच्या मामंजींनी पाठवलं आहे, म्हणजे मोरच असेल.' माहेरी तिला मोठ्यांचा मान राखायला फार शिकवलं आहे.

कौतिक, या घरात माळकरी माणसं आहेत. तुझ्या दाजींच्या आईपासून माझ्यापर्यंत सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. या गल्लीत कुणी अंडं उकडलं तरी मी खिडकी लावून घेते. आणि पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे, म्हणून मुळात तो कोंबडा वर चढला. तोतारामचं म्हणणं, लांबून पाखरू ते पाखरूच दिसतं, दोन आकडा भरला की झालं. मला पटलं नव्हतं, पण माझ्याकडे तरी दुसरं काय होतं. (या खेपेला शाकारणारा माणूस चढवला. तोताराम खालून सूचना देत होता.) तोतारामला तुरा तासायचा होता, मी छिन्नी काढून घेतली, नाहीतर हीही मान आधीपासून तडकलेली निघाली असती. मग त्यानं नीळ आणली. धुण्याची नीळ चुन्यात कालवून कोंबड्याला दोन हात दिले, मोराचा रंग म्हणून. वैशाखाचं ऊन, तापलेलं कौल, रंग काही धरला, काही ओघळला. डोकं लाल, छाती निळी, शेपटीला पांढरे पट्टे. सकाळी दारावरून जाणारा पहिला माणूस थांबला, वर पाहिलं आणि मला हात जोडून विचारलं, अक्का, खानावळ कधी सुरू करताय? त्याच्यानंतर जो आला तोही तेच बोलला. दुपारपर्यंत गावात नवीन काही सुचणारा माणूसच उरला नाही.

त्या दिवशी मी पहाटेपासून मांडे केले. हात थरथरत होते तरी केले, कारण ती मुलगी ज्या घरातली, त्यांना मांडा कळतो. आमरस काढला. मगनला धुतलेलं धोतर नेसवून खाटेवर बसवलं, तो बसल्याबसल्या झोपला. मी ओट्यावर बसून वेशीकडे डोळे लावले. एक बैलगाडी आली, आमच्या दारासमोर हळू झाली, आतल्या एका बाईनं मान बाहेर काढून वर पाहिलं, पुन्हा आत घेतली, आणि गाडी पुढे गेली. मला वाटलं, असतील कुणी वाटसरू. गाडी समोरच्या अभिमनच्या दारात थांबली.

अभिमन पाटील तुला आठवत असेल, समोरच्या धाब्याचा, मला शिंक आली तरी ज्याच्या घरात मोजली जाते. त्याचाही मुलगा लग्नाचा आहे. कुणी येईल तो मुलाला पाहायलाच आला, असं त्याची बायको कुंदाबाई वर्षभर समजून चालली आहे. दारी आलेल्याला आधी पाणी द्यायचं, जेवू घालायचं, आणि मग कुठून आलात विचारायचं, ही आपली पद्धत, त्यामुळे कुणी कुणाला काही विचारलं नाही. पाहुण्यांना गावात विचारायचं नव्हतं आणि घरवाल्यांना जेवणाआधी विचारायचं नव्हतं. बसले सगळे हसतमुखानं. इतक्यात कुंदाबाई पदर सावरत आमच्या ओट्यावर. 'अक्का, अचानक पाव्हणे आले व माय. तुझ्याकडे आज मांडे झाले आहेत, वास आला. दे ना थोडे, संध्याकाळी परत करते.' मी म्हटलं, ने. रसही ने. आमचे पाहुणे काय, येतील सावकाश, मोठ्या घरची माणसं आहेत. वर तुपाची वाटीही दिली. मला तिला दाखवायचं होतं की आमच्याकडे उरतं.

आणि मग मी ओट्यावर बसून त्यांना जेवताना पाहत होते. बेबाबाईला म्हटलं, पाहा कसे जेवतात, जन्मात मांडा पाहिला नसेल. त्यातल्या त्या बाईकडे पाहा, वाटी निपटून पुसते आहे. अशा घरची मुलगी ज्याच्या नशिबात असेल त्यानं दाराला कडी लावून जेवावं. देवा, आमच्या पाहुण्यांना तरी वळण असू दे. हे सगळं मी मोठ्यानं बोलले. गल्ली काही फार रुंद नाही.

मग झिपरू आला. वाटेत दाढी करायला थांबला होता, अर्धी झाली आणि न्हाव्याला दुसरं बोलावणं आलं, म्हणून अर्ध्या दाढीनं धावत आला. म्हणतो, 'काय अक्का, पाव्हण्यांना घर पसंत पडलं ना?' मी म्हटलं, कुठले पाहुणे. तो म्हणाला, मी त्यांना केव्हाच पुढे पाठवलं. मग त्यानं समोर पाहिलं, मी समोर पाहिलं, आणि मग आम्ही दोघांनी वर पाहिलं. अभिमनच्या धाब्यावर, अगदी कडेला, पुना कुंभाराचे दोन मोर बसले होते, वशिंडांसकट, एकमेकांकडे तोंड करून. मी नाही म्हटल्यावर पुना ते डोक्यावर घेऊन समोर गेला होता, आणि अभिमननं गाडीभर पराट्या देऊन ठेवून घेतले होते. ज्याच्या घराला आढं नाही त्यानं मोर बसवले. मी सबंध दिवस माझ्याच आढ्याकडे पाहत होते, त्याच्या धाब्याकडे पाहायचं मला कारणच काय होतं.

मी पदर खोचून पलीकडे गेले. मुलीचे वडील पान लावत होते, त्यांची बहीण, म्हणजे मुलीच्या आत्याबाई, हात पुसत होत्या. झिपरूनं जे सांगायचं ते सांगितलं. मुलीच्या वडिलांच्या हातातलं पान तसंच राहिलं. अभिमन सावकाश म्हणाला, 'अक्का, पाव्हणे माझ्या दारी आपल्या पायानं आले.' मी म्हटलं, 'पायानं तुझ्याकडे आले, पण जेवले माझं.' हे मात्र लागलं. आत्याबाई म्हणाल्या, हे मांडे तुमच्या हातचे? मी म्हटलं, तुम्ही वाटी पुसलीत तो रसही माझाच. त्या हसल्या. (गल्ली रुंद नाही असं मी वर लिहिलं आहे. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.) नातसुनेची आत्या म्हणून बाई वाईट नाही, तिला ऐकून घेता येतं.

मग सगळे आमच्याकडे आले. मगनला उठवलं. त्यानं शेतीचं नीट सांगितलं, केळीवर बोलताना तर झोप उडाल्यासारखा वाटला. सगळं जुळत होतं. निघताना आत्याबाईंनी अंगणात थांबून आढ्याकडे बोट केलं आणि विचारलं, राग मानू नका, पण तुमच्यात चालतं का? म्हणाल्या, गाडीतून पाहिलं तेव्हाच मी दादाला म्हटलं होतं, हे घर नव्हे, इथे रश्श्याचा वास यायचा. आमच्याकडेही सगळे माळकरी आहेत, मुलगी अशा घरात द्यायची नाही असं तिच्या आजीचं सांगणं आहे. तोताराम तोंड उघडणार होता. मी त्याच्या आधी बोलले, चार शब्दांत समजूत घातली, आणि त्यांची समजूत पटली. मुलीचे वडील म्हणाले, दोन्ही घरं पाहिली, दोन्ही मुलं पाहिली, आता आमच्या मेहुण्यांना विचारतो, मुलीच्या मामांना, त्यांच्या शब्दाबाहेर आम्ही नाही. मामा धुळ्याला असतात. अभिमन आपल्या दारात उभा राहून हे ऐकत होता.

तेव्हा झालं हे असं. तुझ्यावर माझा राग नाही. माणसाला एकेक गोष्ट जमत नसते. मला तुझ्याकडून काही नको. गुडघ्याला जप. भिकुबाईला आशीर्वाद. पत्र संपलं.

ता. क. — मुलीच्या मामांचं नाव धनसिंग. सरकारी दवाखान्याच्या मागे राहतात, म्हणजे तुझ्या घरून हाक मारली तर ओ देतील. अभिमन येत्या शुक्रवारी धुळ्याला निघतो आहे, धोतर धुवायला टाकलेलं मी पाहिलं. त्याच्या आधी तू जायचं. भिकुबाईला घेऊन जायचं. मगन विडी ओढत नाही, केळीचं त्याला कळतं, आईला उलट बोलत नाही, इतकं सांगायचं, आणखी गुण लावायचे नाहीत. कमल या घरात यावी असं मला वाटतं, हे सांगितलंस तरी चालेल. माझ्या तोंडून मी ते आत्याबाईंना सांगितलेलं नाही. कौलाबिलासाठी मी इतकं मोठं पत्र लिहिलं असं तुला वाटलं असेल तर तू कोंबड्याला मोर म्हणालास त्यात नवल नाही.

ता. क. दुसरा — अंगणात मी पाहुण्यांची काय समजूत घातली, ते तुला माहीत असलेलं बरं. मी सांगितलं की धुळ्याचा माझा भाऊ फार गुणी होता, पण हिवताप डोक्यात गेला आणि तेव्हापासून त्याला सगळीकडे मोर दिसतात. त्याच्या मनाला लागू नये म्हणून तो पाठवतो ते आम्ही घरावर बसवतो. आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, ज्या घरात खुळ्या माणसाचं मन इतकं राखतात, तिथे मुलगी सुखात राहील. तेव्हा मामांसमोर फार शहाण्यासारखं बोलू नकोस. लढाईवर, सरकारवर, कापसाच्या भावावर बोलायचं नाही, तिथे तू हुशार वाटतोस. बोलायचं ते भिकुबाई बोलेल. तू मधूनमधून छताकडे पाहा. आणि वेड घराण्यातलं वाटू नये म्हणून मी तुला चुलत भाऊ सांगितलं आहे. माझा विषय निघाला तर अक्का म्हण, पण चुलत अक्काला म्हणतात तसं, थोडं दुरून.

ता. क. तिसरा — खराखुरा मोर सापडला तरी आता पाठवू नकोस. कोंबडा उतरवला तर आम्ही तुझं मन राखत नाही असं होईल. तोताराम दर महिन्याला त्याला नीळ लावणार आहे, माळकऱ्यांच्या घरावर जन्मभर. याचं काय वाटून घ्यायचं ते तू ठरव, मला वेळ नाही.

मामा हो म्हणाले की नाही म्हणाले, ते लगेच कळव, नव्हे, तू कळवू नकोस. तुझं अक्षर वळणदार आहे, मजकूर मुद्देसूद असतो, आणि पत्र आलं की झिपरू ते चोपड्याला नेऊन वाचून दाखवणार. उत्तर भिकुबाईनं लिहायचं. तू पेनला हात लावायचा नाही.